जमिनीवरचा बांबू

आमच्या पोखर्णीच्या घरात, दारातून आत येणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल अशा जागी, एक कृष्णधवल फोटो टांगलेला आहे. घोड्याचे पुढचे पाय पोटाशी दुमडलेले, खाली तीन आडव्या दांड्या, आणि वर मानेशी वाकलेला, ओठ घट्ट मिटलेला एक सडपातळ पोरगा. तो पोरगा म्हणजे मी. साल १९८७. पशुवैद्यक महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि एन.सी.सी.च्या घोडेस्वार तुकडीत दाखल झालो होतो. आई होती तोवर आल्यागेल्याला हात धरून फोटोपाशी न्यायची. पाहुणे माना डोलवायचे. मी हसायचो आणि आत चहा सांगायचो.

तो फोटो काढल्यानंतर तीन दिवसांनी मी पडलो, आणि त्यानंतर एकदाही घोडा घेऊन उडी मारली नाही, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. गुडघा दुखतो, असं मी सांगत आलो. पस्तीसहून अधिक वर्षं एकच गुडघा दुखतो आहे आणि डॉक्टर असून मी त्यावर काही करत नाही, याचं कुणालाही नवल वाटलं नाही. लोक फार विचार करत नाहीत, हे एका अर्थी बरंच असतं.

दोन वर्षांपूर्वी चैत्रात बहिणीचा फोन आला. "दादा, पोरीला तुझ्याकडं पाठवते. हाड जुळलंय म्हणतात डॉक्टर, पण ती घोड्याचं नाव काढू देईना. तूच समजाव. तुला तर ह्यातलं सगळं कळतं."

सगळं कळतं! मी फोटोकडे पाहिलं आणि "पाठव" म्हणालो.

माझी भाचीही पशुवैद्यकशास्त्र शिकते, तीही एन.सी.सी.च्या घोडेस्वार तुकडीत. तिच्या मोबाइलवर फुआद मिर्झाचा फोटो असायचा. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत ज्याने घोडेस्वारीचं वैयक्तिक रौप्यपदक आणलं, तो. १९८२ च्या दिल्ली एशियाडनंतर भारताला वैयक्तिक पदक मिळालं ते तेव्हा. पुढे २०२१ मध्ये तो टोकियो ऑलिम्पिकला गेला आणि तेविसावा आला. त्याआधी २००० साली सिडनीला इम्तियाज अनीस गेला होता. मधली वीस वर्षं या खेळात भारताचा एकही स्वार ऑलिम्पिकला नव्हता. हे सगळं मला भाचीनेच सांगितलं होतं. ती आली तेव्हा मोबाइलवरचा तो फोटो गेलेला होता. त्या जागी कुठलंसं फूल होतं.

जानेवारीत सराव चालू असताना तिचा घोडा तीन फुटांच्या अडथळ्यापाशी गचकन थांबला. घोडा थांबला, ती थांबली नाही. कॉलरबोन मोडलं, हेल्मेटला तडा गेला. (जाता जाता एक सांगून ठेवतो. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धडधाकट दिसलं तरी पुन्हा वापरायचं नसतं. आपल्याकडे ते धुऊनपुसून धाकट्या भावाला देतात.) सहा आठवड्यांनी हाड जुळलं. आठव्या आठवड्यात ती मैदानावर गेली, घोड्यावर बसली, पहिल्या दांडीकडे वळली आणि उतरून सरळ वसतिगृहावर निघून आली. पावसाळ्यानंतर दिल्लीच्या प्रजासत्ताक दिनाच्या शिबिरासाठी निवड व्हायची होती. वर्षभर ती त्यासाठीच राबली होती.

घोडेस्वारांत एक जुनी समजूत आहे. पडलास की धूळ झटक आणि त्याच क्षणी पुन्हा बस, नाहीतर भीती कायमची बसते. सायकल शिकताना आपण मुलांना हेच सांगतो. सायकलच्या बाबतीत ते खरंही असेल, कारण आपल्याला भीती वाटते आहे हे सायकलला कळत नाही. घोड्याला कळतं. स्वीडनमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेला एक साधा, गंमतीदार प्रयोग आहे. माणसांना घोडा घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला सांगितलं. शेवटच्या खेपेला त्यांना आधीच सांगितलं की आता घोड्यासमोर एकदम छत्री उघडणार आहोत. छत्री उघडलीच नाही. पण माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही वाढले. छत्रीबद्दल घोड्यांना कुणीच काही सांगितलं नव्हतं.

मला त्या दिवशी नेमकं असंच लगेच बसवलं गेलं होतं. घोडा एकदा अडला, मी मानेवर आदळलो. दुसऱ्यांदा अडला, मी खाली. शिकवणारे गृहस्थ मनाने वाईट नव्हते. त्यांना जे शिकवलं गेलं तेच ते करत होते. त्यांनी मला उचलून खोगिरावर बसवलं, घोड्याला मागून चाबूक दिला आणि "चल, मर्दा" म्हणाले. दहा मिनिटांत मी दुसऱ्यांदा पडलो. या खेपेला उठताना मुलं हसली. गुडघा तेव्हाच दुखावला, तो तीन आठवड्यांत बराही झाला. मी मात्र त्याला पुढे बरा होऊ दिला नाही.

आता पोखर्णीत घोडा कुठून आणणार? परभणीहून गंगाखेडच्या वाटेवरचं हे गाव, नृसिंहाच्या देवळामुळे लोकांना माहीत. परभणी-परळी लोहमार्गावर आमचं स्टेशन आहे. माझ्या दवाखान्यात येतात त्या गाई, म्हशी, शेळ्या. एके काळी इनामदार-पाटलांच्या दारात घोडी असायची, आता दारात मोटारसायकली आहेत. उरली ती वरातीची घोडी. आमच्या शेजारच्या आळीत एकाकडे अशी एक पांढरी घोडी आहे, माळेगावच्या यात्रेतून घेतलेली. खंडोबाची ही यात्रा नांदेड जिल्ह्यात मार्गशीर्षात भरते आणि घोडे, उंट, गाढवं यांच्या बाजारासाठी नावाजलेली आहे. घोडीचं नाव हरणी. तिचा पोटशूळ मी दोनदा फुकट बरा केला होता, त्यामुळे मालक नाही म्हणू शकला नाही. लग्नसराई होती, म्हणून संध्याकाळी ती कामावर आणि पहाटे आमच्याकडे, असं ठरलं.

पहिल्या पहाटे मी तिच्या तोंडात बोट घातलं तर जीभ आणि टाळू सोललेले. वरातीत घोडी बँडला बिचकू नये, नाचावी आणि हुकमात राहावी म्हणून काटेरी लगाम लावतात. १९६५ च्या केंद्रीय नियमांनी त्याला बंदी आहे आणि तो बाजारात सर्रास मिळतो. मी मालकाला चार शब्द सुनावले, लगाम काढून माझ्याच माळ्यावर फेकला आणि परभणीहून साधी गुळगुळीत कडी आणवली. तोंड बरं व्हायला दहा दिवस गेले. तोवर भाचीने घोडीला खरारा केला, चंदी भिजवली, खूर साफ केले आणि दोरीला धरून शेताच्या कडेने फिरवलं. बसायचं नाव मी काढलं नाही, तिनेही काढलं नाही.

एका सकाळी ती म्हणाली, "मामा, लगामाला हात लावला ना, की ही मान वर झटकते."

"तुझा हात लागला की दुखेल, असं तिला वाटतं."

"अजून? तोंड तर बरं झालं."

मी काही बोललो नाही. तीही थोड्या वेळाने गप्प झाली.

इथे उडीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी सगळे स्वार उडी मारताना मागे रेलत आणि लगाम खेचून धरत. जुन्या इंग्रजी शिकारचित्रांत हे हमखास दिसतं. फेदेरिको काप्रिली नावाच्या इटालियन घोडदळ अधिकाऱ्याने घोडे मोकळे सोडून ते कशी उडी घेतात ते पाहिलं. घोडा मान लांब करतो, पाठ कमानीसारखी गोल करतो. स्वार मागे रेलला तर ओझं पाठीवर पडतं, लगाम ताणला तर जबड्याला हिसका बसतो, म्हणजे उडी मारल्याबद्दल घोड्याला शिक्षाच. काप्रिलीने स्वाराला रिकिबीवर उठून पुढे झुकायला आणि हात घोड्याच्या तोंडाबरोबर जाऊ द्यायला शिकवलं. आज जगभर याच पद्धतीने उड्या मारतात. काप्रिली स्वतः १९०७ साली घोड्यावरून पडून वारला, हेही इथेच सांगायला हवं.

घाबरलेला स्वार काय करतो? काप्रिलीच्या आधीच्या काळात जातो. मागे रेलतो, लगाम आवळतो, खाली अडथळ्याकडे पाहतो, श्वास धरून ठेवतो. घोड्याच्या कपाळासमोर एक आंधळी पट्टी असते. उडीच्या शेवटच्या क्षणी पुढ्यातली दांडी त्याला नीटशी दिसत नाही, तो आधी पाहिलेल्याच्या भरवशावर उठतो. नेमक्या त्याच क्षणी पाठीवरचा माणूस आखडला, तर शहाणा घोडा थांबतो. लोक म्हणतात घोडा हट्टी आहे. ग्वाल्हेरला १८५८ साली झाशीच्या राणीचा नवा घोडा ओढ्यापाशी अडला, असं आपण लहानपणापासून ऐकतो आणि त्या घोड्यावर चिडतो. खरंखोटं देव जाणे. पण तो घोडा नवा होता, हे गोष्ट सांगणारा प्रत्येक जण न चुकता सांगतो. अनोळखी हात, अनोळखी बैठक आणि मागे गोळीबार. मला तरी आता त्या घोड्यावर चिडता येत नाही.

म्हणजे भाचीची भीती केवळ डोक्यात नव्हती, मनगटात होती. "घाबरू नकोस" असं मनगटाला सांगून भागत नाही. शिवाय ती भीती वेडगळही नव्हती. सुपरमॅनची भूमिका करणारा ख्रिस्तोफर रीव्ह १९९५ च्या मे महिन्यात असाच अडलेल्या घोड्यावरून पुढे फेकला गेला. मानेचे मणके मोडले आणि २००४ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो चाकाच्या खुर्चीत होता. भाचीला हे ठाऊक होतं. 'काही होत नाही' म्हणणारा माणूस तिच्या लेखी खोटारडा ठरला असता. तसा मी खोटारडा होतोच, पण वेगळ्या कारणाने.

जागा शोधण्यातच चार दिवस गेले. वैशाखात आमच्या काळ्या मातीला वीतभर भेगा पडतात, त्यात घोड्याचा पाय गेला तर मोडलाच. शेवटी विहिरीमागची मुरमाड पट्टी साफ केली. सकाळी साडेपाच ते सात एवढाच वेळ. त्यानंतर परभणीचं ऊन माणसाला उभं राहू देत नाही. मी एक बांबू जमिनीवर आडवा ठेवला. बस्स, एक बांबू.

ती हरणीवर बसली, दोन फेऱ्या नीट मारल्या, बांबूच्या दिशेने वळली आणि दहा पावलांवर तिचा चेहरा पांढरा पडला. जमिनीवरच्या बांबूला पाहून! घोडी थांबली. भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मला दिसलं याचा तिला राग आला.

"मामा, तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही तर तसले फोटो काढून बसलात."

तेव्हा मी सांगितलं. तिथेच, घोडीची दोरी हातात धरून. तीन दिवस, दोनदा पडणं, मुलांचं हसणं, गुडघा. सांगताना लाज वाटली, हे खोटं कशाला सांगू? ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "मग आजीला खरं का नाही सांगितलं?"

"तिला तो फोटो फार आवडायचा."

"आणि त्यानंतर कधीच नाही?"

"कधीच नाही."

ती उतरली. बांबू उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "आज एवढंच." मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मला उठवायला तीच आली.

त्यानंतरचे पाच आठवडे कंटाळवाणे होते आणि त्यातच सगळं झालं. आधी बांबूवरून नुसतं चालत. मग दुडकीने. मग चार बांबू ओळीने. मोठ्या घोड्यांना दुडकीसाठी दोन दांड्यांत साडेचार फुटांचं अंतर लागतं. हरणी ठेंगणी, तिला चार फूट पुरले. अंतर चुकलं की घोडा अडखळतो आणि स्वाराला वाटतं आपलंच चुकलं, म्हणून मी रोज फूटपट्टी घेऊन ओणवा होत असे. हरणीच्या मानेभोवती जुन्या कासऱ्याचा एक पट्टा बांधला होता. भीती वाटली तर लगाम ओढायचा नाही, तो पट्टा धरायचा. यात कमीपणा काही नाही; चांगले शिक्षक नवशिक्यांना आणि जुन्यांनाही हेच करायला लावतात. आणि मोठ्याने मोजायचं, "एक-दोन, एक-दोन". मोजणाऱ्याला श्वास धरून ठेवता येत नाही, एवढंच त्यातलं गुपित. नजर बांबूवर नाही, पट्टीच्या टोकाच्या लिंबावर. त्या लिंबावर एक होला बसायचा. पुढेपुढे ती मोजण्याऐवजी होला आहे की नाही तेच ओरडून सांगू लागली. तेही चाललं.

मग दोन बांबूंची फुली, मधोमध जेमतेम फूटभर उंच. फुलीला खालचा मध्य असतो, घोडा आपोआप तिथे येतो, स्वाराला दिशेची काळजी राहत नाही. तिच्या आधी सात फुटांवर जमिनीवर एक बांबू, म्हणजे घोडी नेमकी कुठून उठणार हे आधीच ठरलेलं. घाबरलेल्या स्वाराला धाडसापेक्षा हिशेबाचा जास्त आधार असतो, असं माझं मत झालं आहे. पहिल्या दिवशी हरणीने ती फुली ओलांडली ती नाचत. वरातीची सवय! पुढचे दोन पाय उचलून ठुमकली आणि मग पलीकडे टपकली. भाची इतकी हसली की पट्टा धरायचं विसरली.

सरळ चढत गेलं असं मात्र नाही. ज्येष्ठात एक दिवस हरणीचा मागचा पाय बांबूला लागला, बांबू गडगडला, आणि त्या आवाजासरशी भाचीने दोन्ही हातांनी लगाम आवळला. घोडीने मान झटकली. दोघी पुन्हा जिथल्या तिथे. मला वाटलं, सगळी मेहनत पाण्यात गेली. मी फुली काढली आणि एकच बांबू जमिनीवर ठेवला. "परत पहिलीपासून?" ती म्हणाली. मी म्हटलं, हो. पण या वेळी पाच आठवडे लागले नाहीत, चार दिवस लागले. बांबूंना मी पिवळा ऑइलपेंट दिला तो त्याच सुमारास. घोड्याला माणसासारखे सगळे रंग दिसत नाहीत. निळा आणि पिवळा त्याला चांगला कळतो, लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. आपण हौसेने लाल पट्टे मारतो ते आपल्यासाठी. पिवळ्याने हरणीला किती फरक पडला ते सांगता येणार नाही, पण भाचीला वाटलं की आता हिला नीट दिसतंय, आणि तिचे हात मोकळे झाले.

मृग बरसला, मुरूम निसरडा झाला आणि आमचं मैदान बंद पडलं. शेवटच्या सकाळी तिने सलग आठ वेळा सव्वादोन फूट उंचीची सरळ दांडी ओलांडली. हरणीकडून त्याहून जास्त मागणं अन्याय झाला असता. जाताना तिने माळ्यावरचा काटेरी लगाम मागून घेतला आणि विहिरीत टाकला. मालकाला अजून हे माहीत नाही. तो हे वाचणार नाही अशी आशा आहे.

कॉलेजवर परत गेल्यावर तिने स्वतः शिकवणाऱ्यांना सांगितलं, की मला आधी जमिनीवरच्या दांड्या द्या. काही जण हसले, हे तिने मला फोनवर सांगितलं, पण सांगताना तीही हसत होती. निवडीत तिचा नंबर लागला नाही. तिसऱ्या अडथळ्यावर एक दांडी पडली आणि वेळही जास्त लागला. "घोडा अडला का?" मी विचारलं. "नाही मामा. एकदा अडणार होता. मला आधी कळलं. मी पट्टा धरला." एवढ्या मोठ्या निवडीत मानेला पट्टा बांधून जाणारी ती एकटीच होती म्हणे. पुढच्या वर्षी ती पुन्हा गेली. त्या निकालाबद्दल मी इथे लिहू नये, अशी तिची सक्त ताकीद आहे.

फोटो अजून तिथेच आहे. बहिणीला मी खरं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं. आईलाही माहीत होतं. तुझ्या मित्राने तेव्हाच सांगितलं होतं." पस्तीस वर्षं त्या दोघींनी माझा गुडघा सांभाळला! यावर काय बोलावं हे मला अजून सुचलेलं नाही.

आणि हरणी. गेल्या लग्नसराईत एका रात्री तिचा मालक धापा टाकत आला. देवळाच्या रस्त्यावर वरात चालली होती, मांडवाचा एक बांबू रस्त्यात आडवा पडलेला होता, पुढे बँड, मागे वऱ्हाडी. हरणीने कान टवकारले, पावलं मोजली आणि नवऱ्या मुलासकट अलगद पलीकडे. फेटा उडाला, नवरा बसून राहिला.

"डाक्टरसाहेब," तो म्हणाला, "तुमच्या भाचीनं घोडी बिघडवली की हो माझी."

मी विचारलं, "लगाम कुठला होता?"

"साधाच. तो काट्याचा सापडंच ना."